चौदावा दिवस

बशीच्या तळाशी साठ टोकं आहेत, सोन्याची.
त्यांवर उंदराच्या मेंदूतल्या पन्नास हजार पेशी
फिकट गुलाबी पाण्यात.

पहिला आठवडा नुसती कुरबुर.
एक बोलते, मग बराच वेळ कोणी नाही,
मग लांबच्या कोपऱ्यात दुसरीच कोणी.
लग्नघरी लवकर पोचलेले पाहुणे
एकमेकांकडे न बघता बसतात, तसं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी अर्धं पाणी बदलते.
वहीत लिहिते: दिवस नववा, शांत.
दिवस अकरावा, शांत. डावीकडे किंचित हालचाल.
बाहेर डंडीवर समुद्राकडून धुकं आलेलं.
त्याला इथे हार म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फुलांचाच वाटला.
टे नदीवरचा रेल्वेचा पूल आज अर्ध्यातच संपतो.

चौदाव्या दिवशी पहाटे सव्वाचारला
पडद्यावरच्या साठही रेघा एकदम उभ्या राहिल्या.
पाऊण सेकंद.
मग गप्प.
अकरा सेकंदांनी पुन्हा.

डॉक्टर मोरॅग किनलॉक ओल्या कोटानिशीच आत आल्या.
एकवीस वर्षं त्यांचा एकच प्रश्न:
आधी कोण बोललं?
आम्ही ते पाऊण सेकंद हजारपट हळू करून पाहिले.
दर वेळी सुरुवात करणारी वेगळी.
एकीने सलग तीनदा केली, म्हणून मी तिचं नाव ठेवलं पाटील.
गुरुवारी पाटील मेली.
लाट आली ती आलीच, जरा डावीकडून.

मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
गाव करील ते राव काय करील.
त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, रोमन लिपीत, चुकीचं,
आणि विचारलं, पण गावाला कोण सांगतं?
त्यावर मला म्हण आठवेना.

त्यांच्या भावाला फिट्स येत.
कॅलमचा जुना आलेख त्यांनी एकदा दाखवला.
सगळ्या रेघा पावलात पाऊल टाकून चाललेल्या.
इतकं एकमत मी कुठल्या सभेत पाहिलं नाही.
त्या वेळी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर होता,
आणि किटली शिट्टी देत होती.

बसस्टॉपवर त्या जेसीमावशीबद्दल बोलल्या.
तागाच्या गिरणीत दोनशे माग, बायका ओठांनी आणि हातांनी बोलत.
पन्नाशीत कान गेले, तरी एखादा माग थांबला की
तिला तळपायांना कळायचं.
मी म्हटलं, माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते.
रात्रपाळीत, अडतीस मागांच्या खडखडाटात
ते कापडाच्या ताग्यांवर गाढ झोपत.
एक माग बंद पडला की खाडकन जागे.
आवाजाने नाही,
आवाजाला पडलेल्या भोकाने.

बस आली. त्या चढल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही लाटा सोडल्या
आणि मधले अकरा सेकंद ऐकू लागलो.
मी ज्याला शांत लिहीत होते, ते शांत नव्हतंच.
एक पेशी, मग तीन, मग एकच, मग चाळीस,
पुन्हा एक.
लहान पुष्कळ, मोठ्या थोड्या,
आणि मधे कुठेच कुंपण नाही.
मागच्या पानांवरचा प्रत्येक शांत
मी पेन्सिलीने खोडला. काय लिहावं ते कळेना,
म्हणून जागा तशीच सोडली.

पहाटे घरी फोन लावला. तिकडे पावणेनऊ.
बाबांनी माग विकून चार वर्षं झाली.
झोप लागत नाही म्हणाले,
गल्लीत फार शांत असतं.
मग विचारलं, तुझे ते चालतात का गं नीट?
चालतात. आज दिवस एकोणिसावा. साठ टोकं.
साठांवर जॉबर किती?
एकही नाही, म्हटलं.
ते हसले.
नंतर बराच वेळ लाइन नुसती चालू राहिली,
इकडून तिकडून कोणी काही न बोलता.