करंगळी

बावीस वर्षं माझं सगळं करंगळीवर चाललं.
लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानांमागं,
जिन्याखालच्या खोलीत
डावी करंगळी कंट्रोलवर टेकवून
मी हजारो जोडप्यांची लग्नं लावली,
शेकडो माणसं वर पोचवली,
एकदा तर वर्षश्राद्धाच्या कार्डावर
'आहेर आणू नये' पेस्ट झालं.
छापून वाटलंसुद्धा. कुणी काही म्हणालं नाही.

मग मगदूमशेठचा अनुज पुण्याहून आला.
पातळ, पांढरं यंत्र, पाठीवर उष्टं सफरचंद.
"वैजंताक्का, आता ह्याच्यावर. सोपं आहे,
कंट्रोलच्या जागी फक्त कमांड."

जागीच तर नव्हतं ते.
ते होतं स्पेसच्या शेजारी,
अंगठ्याच्या पोटाखाली.

आईचा अंगठा दूध संस्थेच्या वहीत
दर दहा दिवसांनी निळा उठायचा.
मला शाळेत घातलं
ते तो लावायला लागू नये म्हणून.

सेव्ह करायला गेले, काही झालं नाही.
मागं घ्यायला गेले, काही झालं नाही.
सगळं निवडायला गेले, तर बोट
ए सोडून वरच्या क्यूवर पडलं
आणि अख्खा प्रोग्राम उठून चालता झाला,
पंगतीतून रुसलेला पाहुणा उठावा तसा.
जाताना काहीतरी विचारत होता.
न वाचताच मी नको म्हणाले.

समोर आण्णाप्पा वस्ताद बसलेले,
कान मोडके, हातात मैदानाचं हँडबिल:
चाळीस जोड्या, प्रत्येक ओळीत 'विरुद्ध'.
तीच नावं तिसऱ्यांदा टाईप करताना बघून म्हणाले,
"आमची पोरं मातीतनं मॅटवर गेली न्हवं,
तवा अशीच पडायची.
डाव ठावा असायचा. पाय ऐकायचा न्हाई."
"मग?"
"मग काय. काही सुधारली.
काही म्हशी घेऊन बसली."
आणि चष्मा पुसून
'विरुद्ध'मधला द्ध नीट आलाय का बघू लागले.

पावणेदोन महिने गेले.
कुठल्या दिवशी जमलं, सांगता येत नाही.

जुनं यंत्र अजून कोपऱ्यात आहे,
जुन्या फॉन्टातल्या फायली तिथंच उघडतात.
काल हुपरीचा एकजण आला,
स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन, घडीवर फाटलेली.
लेकीची अगदी अशीच पाहिजे.
फाईल सापडली. बसले.
अंगठा न सांगता आत सरकला,
आल्टवर पडला,
वर कुठलातरी मेनू उगाच उघडला.
करंगळी बाजूला नुसती उभी,
आमंत्रण न आलेल्या भावकीसारखी.

मी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"अक्का, लाईट गेली काय?"

व्हय, म्हणाले. येईल आता.