डावीकडचा ग

वडगावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
माझी नववीची शिकवणी.
फळ्यावर जुनी ओवी, 
चरणांच्या शेपटांना लाल खडूचे गोल.
"पहिले तीन जुळतात. अ, अ, अ.
चौथा मोकळा. तो ब."
मागच्या बाकावरून चिक्कोडीचा पोरगा:
"सर, चौथा कुठल्या राज्यात पडला ओ?"
हशा. मीही हसलो.
हा विनोद इथं दर वर्षी होतो,
फक्त पोरं बदलतात.

नीलगंगा हसली नाही.
घरात कन्नड, शाळेत मराठी,
तिच्या वहीतला 'ल' जरा जास्तच गोल.
यमक जुळवून चार ओळी आणा, म्हटलं होतं.
तिनं आणल्या:

    मागावर बसते आई पहाटे,
    जागत राहते विजेसाठी,
    धागा तुटला तर जोडते थुंकीनं,
    रागावत नाही कुणावर.

मी टोकं चाचपली.
टे. ठी. नं. वर.
खाली लिहिलं, यमक नाही.
दोनपैकी शून्य.

"हाय की सर," ती म्हणाली,
आणि बोट ठेवलं समासाच्या लाल रेघेला लागून,
जिथं मी कधी बघतच नाही.
"इथनं वाचा. मागा. जाग. धागा. रागा.
मठातले अय्या सांगतेत, जुन्या कन्नडात असंच असतंय,
दुसरं अक्षर धरून ठेवायचं,
मग ओळ कुठं का जाईना."

बावीस वर्षं मी कविता उजवीकडून तपासतोय.
गिऱ्हाईक पदर उलगडून लुगडं घेतं तसा,
आणि विणणारी
पहिल्या धाग्यापाशी कधीची बसलेली.

रात्री स्वतः करून बघितलं.
'वेशीवर' लिहिलं. मग 'देशी'.
मग 'पेशी', 'मेशी', छे,
पुढची ओळ उंबऱ्यातच अडखळली.
शेवटी जुळवणं सोपं असतं,
तोवर काय म्हणायचं ते म्हणून झालेलं असतं.

शून्य खोडलं.
समासात एकाखाली एक लिहिलं
अ
अ
अ
अ
आणि गुणांपाशी पेन थांबलं.
नमुना उत्तरांत छापलंय,
यमक म्हणजे ओळीचा शेवट.

तेवढ्यात वीज आली.
गल्लीतले सगळे माग एका दमात सुटले,
खटक खट, खटक खट.
वही मांडीवर घेऊन मी ऐकत राहिलो:
ह्यात ओळ सुरू कुठं होते
तेच आधी कळेना.