समासातले पोहे

आगरकोटाच्या वेशीला लागून माझं दुकान,
बापाकडून आलेलं: एक शिकंजा, एक कातरयंत्र,
खळीचं पातेलं, आणि दर गुरुवारी चारच्या सुमाराला
भांडायला येणारे दोन म्हातारे.

सिमसन झिराडकर. घाणा विकून तीस वर्षं झाली,
तरी तो पान उलटतो तिथं मी आधी टीपकागद ठेवते.
इनास व्हेगस मास्तर. साळावचा पूल ओलांडून
कोर्लईहून सायकलीवर, पिशवीत दोन चष्मे.

भांडण येशूवरून नसतं. एका परिच्छेदावरून असतं.
रोमच्या आश्रयाला बसून
आपल्याच हरलेल्या माणसांचा इतिहास लिहिणारा तो यहुदी,
त्यानं खरंच लिहिलं का ते,
की मागाहून कुणा लेखनिकानं भक्तीच्या भरात घुसवलं?

"सगळं घुसवलेलं. आमचा माणूस असं लिहीलच कसा?"
"सगळं नाही रे. मूळ वाक्य होतं, वरून कुणी तूप ओतलं.
तूप निथळून घे, खाली भात आहेच."
"आणि तुझे ते चौघे? चाळीस-चाळीस वर्षांनी लिहायला बसले!
मला परवा मटण किती आणलं ते आठवत नाही."
"तुला नाही. मोझेलला आठवतं.
साक्षीदार नीट निवडावा माणसानं."

एकदा मास्तर चिडले.
"नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं,
सात बाया, सात पुरुष वाचले,
याला कागद कुठाय? एक चिठोरं दाखव."

सिमसन गप्प.
समोर बोंबलाच्या वलांडीवरचे कावळे
कुणीतरी दोनदा हाकलले.
मग म्हणाला,
"पोथ्या बुडाल्या.
शनिवारी घाण्याचा बैल सुटा, एवढंच उरलं.
किती शतकं, कुणी लिहिलं नाही.
बैलाला माहीत होतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, दुसरा घातला.
त्यांच्या घरात अजून भाजी खारट झाली तर
त्या भाषेत बोलणी बसतात,
जिच्या राजाची शेवटची तोफसुद्धा गंजून गेली.
त्या दिवशी ते लवकर उठले.

मी मध्ये बोलत नाही. पण पानं कशी वागतात
ते मला ठाऊक आहे.
बापानं खोताचं दफ्तर बांधताना एक पान उलटं शिवलं,
त्या पानापायी दोन भाऊ
अलिबागच्या कोर्टात म्हातारे झाले.

श्रावण सरताना सिमसननं आत्याची वही आणली.
प्रार्थना हिब्रू, अक्षरं बाळबोध,
कसरीनं खाल्लेली, टाका तुटलेला.
आणि एलियाहूच्या नावापाशी, समासात, पेन्सिलीनं:
*मलिदा. पोहे दोन पायली, नारळ अकरा,
वेलची बेतानं. रिबकाला सांगायचं नाही.*

मी विचारलं, "कडा सारख्या करायच्या तर
कातर लावावी लागेल. समास जाईल. लावू?"

"नको," दोघं म्हणाले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एका दमात;
दोघांनाही ते आवडलं नाही.

मास्तर सावरले. "दोनशे वर्षांनी एखादा पंडित लिहील,
कोकणातले यहुदी देवाकडे दोन पायली पोहे मागत."
"दुसरा म्हणेल, पोहे घुसवलेले. मूळ प्रतीत नव्हतेच."
"तिसरा म्हणेल, नारळ नऊ. अकरा ही नंतरची भर."
"आणि रिबका?"
"रिबका रूपक!"
हसता हसता सिमसनला ठसका लागला, मी पाणी दिलं.

पाणी पिऊन तो म्हणाला,
"आत्या मात्र होती."
"पुरावा?"

सिमसननं पानावरच्या एका डागावर बोट ठेवलं.
तेलाचा, पिवळट, नखाएवढा.

तो तिळाचा की खोबरेलाचा
यावरून मग जे सुरू झालं,
दिवे लागले तरी सायकल दाराशीच होती,
आणि माझी खळ करपली.