साठ सेंटिमीटर

नकाशा टेबलावर पसरला होता,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
नमुन्याचे दोन चिरे, चष्म्याचं घर,
आणि माझ्या भांडाराच्या किल्ल्या.
किल्ल्या मागितल्या तेव्हा वाटलं होतं,
आत येऊन बघणार असतील.

रायबंदरच्या या संग्रहालयाला
नवी दालनं हवीत. तीन.
नदीकडे काच, रस्त्याकडे चिरा,
मधे जुनी बांय, तिच्यावर जाळी, जाळीखाली दिवा.
नोरोन्या, वास्तुविशारद, फार हळू बोलतो.
विहिरीला तो "उजेडाचा खांब" म्हणाला
आणि सगळ्यांनी माना हलवल्या.
मीही हलवली. खोटं कशाला सांगू.

पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत पांढरी माणसं होती,
नखाएवढी, बिनचेहऱ्याची,
भिंतींकडे तोंड करून उभी.
भिंतींवर काहीच नव्हतं.

माझ्याकडे खाली सातशे बारा आहेत.
पाठमोरी, एकमेकांना टेकून,
शिक्षा झालेल्या वर्गासारखी.
जुलैत बुरशी धरते,
मी कापसाच्या बोळ्यानं टिपते
आणि नोंदवहीत लिहिते: पुसलं.
तेवीस वर्षं हेच क्रियापद.

आणि एक आहे गुंडाळलेलं.
क्रिस्तालिना मास्कारेन्हसचं,
साळगावच्या शाळेत चित्रकला शिकवायची ती.
मिठागर काढलंय. एकवीस फूट.
बहुतेक पांढरंच,
कोवळं मीठ, शिळं मीठ, मिठावरची उन्हाची साय,
आणि अगदी उजव्या टोकाला एक बाई
पाटी उतरवून कंबर धरून उभी.

भांडार सोळा फुटांचं.
एका हातानं उलगडावं
तर दुसऱ्यानं गुंडाळत जावं लागतं.
बाई येईस्तोवर
मिठागराची सुरुवात पुन्हा आत गेलेली असते.
ती किती लांबून आलीय
हे एका नजरेत कुणीच पाहिलेलं नाही.

सभेत मी एवढंच विचारलं:
दालन दोनची पूर्वेची भिंत किती?
सहा मीटर साठ होती, नोरोन्या म्हणाला,
आता सहा.
"कॉफीचं यंत्र कुठं ठेवायचं मग?"
कुंकळयेकारबाई हसून म्हणाल्या,
"माणसं थांबायला हवीत ना!"
आकडा माझ्या जिभेवर होता.
तेवढ्यात बिस्किटांची बशी आली,
मी एक घेतलं,
आणि विषय भरतीरेषेवर गेला, मग पार्किंगवर.

गुरुवारी गुणो मिस्त्रीनं अंगणात
चुन्याच्या रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली.
दालन एकमध्ये कुत्रं झोपलं.
दालन तीनमध्ये संध्याकाळी
भरतीचं पाणी येऊन गेलं, तिकीट न काढता.

सगळे गेल्यावर मी आत गेले.
सुतळी नाही ओलांडली, दारातूनच गेले.
पूर्वेच्या भिंतीशी पावलं मोजली,
जिथे बाई उभी राहायची
तिथे कॉफीचं यंत्र होतं.

खुंट्या ओल्या मातीतून सहज निघाल्या.
साठ सेंटिमीटर म्हणजे
माझा एक हात, वर दोन मुठी.
जुनी चुन्याची रेघ चपलेनं घासली.
पुसलं.

सकाळी गुणोनं टेप लावला.
पुन्हा लावला.
चिऱ्यावर बसून विडी संपवली,
माझ्या खिडकीकडे बघितलं नाही.
"कुर्लेन व्हेली आसतली," पोराला म्हणाला,
आणि दगड घेऊन
खुंटी होती तिथेच खोल ठोकली.

बघू.
परवानग्या यायच्यात, पावसाळा जायचाय,
पाया भरायला दिवाळी उजाडेल.
नोरोन्याला मोजता येतं.
कुंकळयेकारबाईंना तर येतंच.