बटण दाबण्याआधी

आधी ते टेबलावर ठेवा, दंबदार्जा.
उघडू नका. बटणाकडे बघूसुद्धा नका.
बाहेर उणे एकतीस आहे
आणि तुम्ही लॅपटॉप आणलात
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, नवं कोकरू आणावं तसा.
माया कळली. पण तो हाडापर्यंत गोठलाय.
आता या उबेत त्याला घाम फुटेल,
आतल्या तांब्यावर दव धरेल,
त्या दवात वीज सोडलीत
तर मी नंतर फक्त स्क्रू मोजून परत देईन.

दोन तास.
हो, दोन. बसा. मिठाचा चहा आहे.

उलानबातरच्या या गल्लीत, कंटेनरमधल्या दुकानात,
थंडी हीच माझी सुगी,
आणि ‘थांबा’ हा एकच शब्द
मी दिवसाकाठी शंभरदा विकते, फुकट.

तोवर खालची जाळी बघू.
हा काळा गालिचा कुणी विणला?
अर्धा तुमच्या चुलीतला कोळसा,
अर्धं मांजर. राखाडी आहे ना?
पंखा दोन हिवाळे घरघरत होता
आणि तुम्ही म्हणालात, वय झालं त्याचं.
कुणीही खोकलं की आपण वयावर ढकलतो.
तुगुल्दुर, पात्यांत काडी अडकव, मग हवा मार.
मोकाट गरगरला तर बेअरिंग जाईल.
आणि तोंडानं फुंकू नकोस, थुंकी ओली असते,
हेही मीच शिकवायचं का?

चार्जर दाखवा.
हातात धरून बघा, फुंकलेल्या अंड्यासारखा पोकळ.
स्वस्त होता, माहीत आहे. पोकळ गोष्टी स्वस्तच असतात.
संध्याकाळी सगळी टेकडी एकदम हीटर लावते,
दिवे पिवळे पडतात, तेव्हा तार काढून ठेवा.
बॅटरी फुगली तर माझ्याकडे आणा.
फुगलेली बॅटरी गादीखाली दाबून
सपाट करायला निघालेला माणूस मी पाहिलाय.
गादी आता नाही. माणूस आहे, भुवया नाहीत.

दार उघडलं. एक बाई. डब्यात तांदूळ, तांदळात फोन.
बाई, तांदूळ शिजवा. फोन द्या.
चालू करून पाहिलात? किती वेळा?
नऊ.
आठ वेळा तो वाचला असता.

मग पुन्हा घड्याळ, पुन्हा चहा.
दंबदार्जा टोपी मांडीवर घेऊन
लॅपटॉपच्या बंद झाकणाकडे बघत राहिले,
जणू आत कुणी झोपलंय.

दोन तासांनी मी त्याच्या पाठीला तळवा लावला.
माझ्याएवढाच ऊबदार. दाबा आता.
पडदा उजळला. पासवर्ड मागितला.

आणि सत्तरीचे, कानानं अधू दंबदार्जा
गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:
पिवळसर, कपाळावर चांदणी, डाव्या मागच्या पायानं लंगडा.

आमच्याकडे घोड्याला नाव नसतं,
रंग असतो, खोड असते.

अहो, मी ओरडले, असा सांगतात का पासवर्ड?
तांदूळवाली बाई छताकडे बघू लागली,
तुगुल्दुरनं कान लाल करून भिंतीकडे तोंड केलं.
आता बदला तो. आजच.

ते म्हणाले, कशाला?
त्याला पाहिलेलं कुणी उरलं नाही.

मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत,
दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर.

काय उघडलं ते मी पाहिलं नाही. तेही माझं काम.
एवढंच म्हटलं, प्रत काढून ठेवा,
एक इथे, एक दुसऱ्या घरी.
मुलीकडे, दार्खानला? चालेल.
एका चुलीच्या भरवशावर सगळं ठेवू नका.

ते गेले, रिकाम्या कातड्यात परत गुंडाळून.
रिकामं कशाला म्हणू. लॅपटॉप होताच की आत.

शटर ओढताना तुगुल्दुरनं विचारलं,
लंगडा होता, तरी विकला का नसेल त्यांनी?

माहीत नाही रे.
तू पंख्यातली काडी काढलीस ना?