कारणाचा रकाना

ताना नदीच्या काठी पत्र्याच्या कंटेनरात
माझं टेबल, एक पंखा आणि ही वही.
वहीत चार रकाने : तारीख, कारण, दिवस, सही.
कारणाचा रकाना एवढा अरुंद
की फार तर तीन शब्द मावतात.

म्हणून मी लिहिते, 'पोलाद आलं नाही.'
पोलाद मोम्बासाच्या धक्क्यावर कधीचंच आलंय,
गंजतंय,
कारण जकात ज्या बिलातून भरायची
ते बिल नैरोबीत एका टेबलावर आहे.
टेबलामागच्या माणसाची बदली झाली,
टेबल तेवढं तिथंच आहे.

'भूसंपादन बाकी.'
म्हणजे म्हाताऱ्या हिरिबाएंची आंब्याची बावीस झाडं.
मोजणीदारानं एकोणीस धरली,
तीन रोपं अजून झाडं नाहीत, म्हणाला.
वाद मिटेपर्यंत तिन्हींना मोहोर आला.
त्यांच्या कैऱ्या आम्हीच खाल्ल्या, साइटवर,
तिखटमीठ लावून.

'पूर.'
हा शब्द लिहायला सोपा.
किप्रुतो साहेब म्हणतात, पूर लिही म्वानाजुमा,
पुराला कुणी नोटीस पाठवत नाही.
पण पूर आला एप्रिलमध्ये, दरवर्षी येतो तसा.
पाये फेब्रुवारीतच भरायचे होते,
फेब्रुवारीत सिमेंट नव्हतं,
सिमेंट आलं तेव्हा माणसं नव्हती,
तीन महिन्यांची मजुरी थकल्यावर
कोण थांबतं?
गोदामातल्या दीडशे गोण्या
गोणीच्याच आकाराचे दगड झाल्या.
आता त्यांच्यावर बसून नवे मजूर उगाली खातात.

अठरा महिन्यांचं काम. सहा वर्षं झाली.
परिणामाला वहीत रकानाच नाही.

तो मी मागच्या पानांवर लिहिते, पेन्सिलीनं.
बुया कोमोरानं, पूल होणार म्हणून, होडी विकली.
दुसऱ्या वर्षी तीच भाड्यानं घेतली,
आपल्याच होडीचं भाडं भरतो,
आणि साहेबांकडून तिकिटाचे पैसे घेत नाही.
हदुलो बाई पलीकडच्या शाळेजवळ राहायला गेल्या,
नवरा अलीकडे राहिला,
आधी शनिवारी यायच्या, मग महिन्यातून एकदा.
दवाखान्याचा फ्रिज अजून अलीकडेच, खोक्यात.
आणि एक रात्र,
बाळंतीण होडीत, प्रवाहात पाणघोडे उभे,
नावाडी वल्हं वर धरून गप्प.
तिचं नाव लिहिलं
आणि पेन्सिल खाली ठेवली.

माझा जिलो याच कंटेनरात रांगला.
आता होडीतून शाळेत जातो, खांब मोजत.
नऊपर्यंतचे आकडे तो खांबांवरच शिकला.
दहावा अजून शिकायचाय.

मग या मे महिन्यात पूर ओसरला
आणि सकाळी पाहतो तर
नदी सरकलेली.
पलीकडच्या काठात सत्तर पावलं शिरलेली.
आमचे पहिले दोन खांब कोरड्या वाळूत,
त्यांच्या सावलीत शेळ्या बसलेल्या,
आणि पलीकडचा धक्का, पुलानं जिथं टेकायचं तो,
भर पाण्यात एकटा.

साहेबांनी नकाशा उलगडला. नकाशा सहा वर्षांपूर्वीचा.
त्यातली नदी जिथल्या तिथं.

हिरिबाए काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, पाच-सात वर्षांनी कूस बदलते ती,
माझ्या बापालाही ठाऊक होतं.
मग सांगितलं का नाहीत? साहेब ओरडलेच.
तुम्ही अठरा महिने म्हणालात ना, म्हातारा म्हणाला,
मी हिशेब केला,
तेवढ्यात तिची झोपमोड व्हायची नव्हती.

आता आणखी दोन खांब. नवा नकाशा, नवं बिल,
नैरोबीतलं तेच टेबल.
मी वही उघडली, तारीख टाकली,
आणि अरुंद रकान्यात, नीट अक्षरात,
मावतील तेवढेच शब्द लिहिले :
'नदी वेळेवर आली.'

किती दिवस लिहू, विचारायला मान वर केली.
साहेब काठावर उभे होते, बूट हातात घेऊन,
बुयाच्या होडीला हाका मारत.