कल्ले नसलेली बाटली

आयेनं पहिली बाटली बर्फात ठेवली.
थर्माकोलच्या खोक्यात, तळाला,
दोन सरंग्यांच्या मधे,
जिथं ती लग्नाच्या ऑर्डरीचा माल ठेवते.
महागाची वस्तू, नासणारी,
दुसरं कुठं ठेवणार?
खारदांड्यात चाळीस वर्षं
उन्हाशी भांडणारा एकच देव तिला ठाऊक,
आणि तो लादीवर विकत मिळायचा.

चार दिवस ती वितळवून टोचत राहिली.
साखर चारशे बारा.
मला वाटलं, चोरून चहात घालते.
भांडले मी, अगदी शेजारी ऐकतील असं.
ती तांब्याभर पाणी प्यायली,
पुन्हा तांब्याभर.

मेडिकलवाल्या पेरेरानं बाटली उजेडात धरली.
तळाशी रव्यासारखे कण.
“गोठली होती?”
“मग? ताजी र्‍हावला नको?”
“मावशी, हे गोठलं की मेलं.
वितळलं तरी मेलेलंच.”

सगळ्या वाटेनं गप्प.
मग घराच्या पायरीवर बसून म्हणाली,
“पापलेटाचं कल्लं उचलून बघते,
डोळा बघते, पोटाला अंगठा लावते.
ह्याचं कल्लं कुठं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कधी कणसुद्धा दिसत नाहीत, पेरेरा म्हणाला होता.
वरून सगळं जसंच्या तसं, आत काही उरलेलं नाही.
असली मासळी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

आता कोऱ्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या फळीवर
बिस्किटांच्या डब्यात,
मागच्या भिंतीला पाठ न लावता.
वर बर्फाच्या कप्प्यात बोंबील राहतात,
त्यांचं त्यांना लखलाभ.
चालू बाटली बाहेर, संक्रांतीच्या सुगडात,
सुगड ओल्या वाळूच्या परातीत,
परात कोनाड्यात, जिथं ऊन पोचत नाही.
वाळू आमच्याच किनाऱ्याची, सात पाण्यांनी धुतलेली.
मे महिन्यात लाइट गेली
की ती आधी वाळूवर पाणी शिंपडते,
मग स्वतःच्या तोंडावर.

लेबलवर मी मार्करनं तारीख घातली.
अठ्ठावीस दिवस, मी म्हटलं.
“आकडा तुझा तुला. मना तिथी सांग.”
शुद्ध एकादशीला बूच टोचलं
तर पुढल्या शुद्ध नवमीला बाटली बाद,
चार थेंब उरले असले तरी.
बाबाची होडी होती तेव्हा
उधाण मोजायची ती पेरं
पुन्हा कामाला लागली.

वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या बाटलीत,
झाकण घट्ट.
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
शिंगाळ्याच्या काट्यानं आठ दिवस हात सुजलेली बाई
कचरा उचलणाऱ्या शेवंताचा हात विसरत नाही.

पहाटे साडेतीन. मालाला निघायचंय.
तांदळाची भाकरी ताटात आल्याशिवाय सुई नाही,
हा नियम मात्र माझा.
मग ती बाटली घेते.
दुधाळ औषध, खळखळवायचं नाही,
तळव्यांत लोळवायचं, सावकाश.
बर्फानं भेगाळलेले, मिठानं पांढरे पडलेले हात.
मी लहान असताना तापात कपाळावर ठेवायची
तेव्हा थंडगार लागायचे, बरं वाटायचं.
आता त्याच हातांत ती ऊब शोधते,
मोजते, नऊ, दहा,
आणि दिव्याकडे धरून बघते,
अजून सवयीनं, कल्ले असतील म्हणून.

काल बाजारात बुधी पिशवी घेऊन आली.
नवऱ्याला नवीनच लिहून दिलेलं.
ती खोक्याचं झाकण उचलायला वाकली
आणि आये ओरडली, एवढी मोठ्यानं
की हलव्याचा भाव करणारी बाई दचकून मागे सरली.
“बरफात नको गो!”
गिऱ्हाईक तसंच सोडून,
ओले हात लुगड्याला पुसत
ती बुधीच्या शेजारी उकिडवी बसली.
“हिकडं आण. हिला कल्लं नसतान.
सांगते.”